पदे मोजून काय कळते?

मी कला शाखेचा बी.ए. शाळेला गणिताचा शिक्षक मिळेना, म्हणून काही वर्षे नववीचे बीजगणित माझ्याकडे आले. बहुपदीचा धडा मला सोपा वाटे. फळ्यावर दोन रकाने आखायचे. एकात पदांच्या संख्येवरून नावे: एकपदी, द्विपदी, त्रिपदी. दुसऱ्यात कोटीवरून, म्हणजे चलाच्या सर्वांत मोठ्या घातांकावरून: रेषीय, वर्ग, घन. मुले पाठ करीत आणि गुण मिळवीत.

एकदा एका मुलीने विचारले, "सर, कोटीवरून जास्तीत जास्त किती उत्तरं निघतील ते कळतं. पण पदं मोजून काय कळतं?"

मला ठाऊक नव्हते. "परीक्षेत विचारतात. बस खाली," एवढेच मी म्हणालो.

निवृत्तीनंतर उमर खय्यामविषयी वाचत होतो. माधव जूलियन यांनी फारसीतून मराठीत आणलेल्या रुबायांमुळे तो आपल्याला कवी म्हणून परिचित. पण १०४८ साली निशापूरला जन्मलेला हा माणूस मोठा गणितीही होता. १०७० च्या सुमारास समरकंदला असताना त्याने बीजगणितावर ग्रंथ लिहिला. घनापर्यंतच्या समीकरणांचे त्याने २५ प्रकार पाडले: दोन पदांचे ६, तीन पदांचे १२ आणि चार पदांचे ७.

एवढे प्रकार कशाला? आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच धन, ऋण आणि शून्य यांचे नियम दिले होते. खय्याम मात्र ऋण संख्या वापरत नसे. त्यामुळे सगळी पदे एका बाजूला आणून 'बरोबर शून्य' लिहिण्याची सोय त्याला नव्हती. कोणती पदे आहेत आणि ती कोणत्या बाजूला आहेत, यावरून वर्तुळ, अन्वस्त किंवा अपास्त यांपैकी कोणते वक्र काढायचे ते ठरे. ते जिथे छेदत, तिथे घन समीकरणाचे उत्तर मिळे. ऋण संख्या स्वीकारल्यावर हे सारे प्रकार कोटीच्या एकेका घरात सामावले.

मग आज पदे मोजणे वायाच का? नाही. फ्रान्सच्या देकार्तने १६३७ साली चिन्हांचा नियम मांडला. पदे घातांकांच्या उतरत्या क्रमाने लिहा आणि धन-ऋण चिन्ह किती वेळा बदलते ते मोजा. धन उत्तरे त्याहून जास्त नसतात. आता दोन पदांमध्ये चिन्ह फार तर एकदाच बदलेल, तीन पदांत दोनदा. म्हणजे धन उत्तरे पदांच्या संख्येपेक्षा नेहमी कमीच! 'क्षचा शंभरावा घात वजा एक' या बहुपदीची कोटी १००, पण पदे दोनच. म्हणून तिला धन उत्तर एकच, ते म्हणजे १.

इतके साधे उत्तर होते. फळ्यावर पाच मिनिटांत मांडता आले असते. "मलाही माहीत नाही, उद्या शोधून सांगतो," असे म्हणायला तर तेवढाही वेळ लागला नसता.

ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. त्या दिवसानंतर तिने माझ्या तासाला पुन्हा कधी हात वर केला नाही.