स्कार्लेटचे वाचक

मार्गारेट मिचेलला वाचकांनी सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न एकच होता: रेट परत येतो की नाही? 'गॉन विथ द विंड' ३० जून १९३६ रोजी प्रकाशित झाली. पानं १,०३७, किंमत तीन डॉलर. मंदीत होरपळलेल्या अमेरिकेत तीन डॉलर ही चैन होती, तरीही सहा महिन्यांत दहा लाख प्रती संपल्या आणि पुढच्या वर्षी कादंबरीला पुलित्झर मिळालं. पत्रं तर थांबेचनात. मिचेलने पुढच्या काही वर्षांत हजारो पत्रांना उत्तरं लिहिली. नायिका स्कार्लेटला सोडून गेलेला नवरा रेट तिला पुन्हा मिळाला का, यावर तिचं उत्तर ठरलेलं असे: गोष्ट तिथे संपली, पुढचं मलाही ठाऊक नाही. उत्तरभाग लिहायला तिने ठाम नकार दिला. १९४९ साली अटलांटात रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून ती गेली, तोवर तो नकार कायम होता. गंमत अशी की तिने शेवटचं प्रकरण सर्वांत आधी लिहिलं होतं. लोकांना अधांतरी वाटणारा शेवट तिच्यासाठी सुरुवातीचं ठिकाण होता.

या पत्रांतली आपुलकी खरी होती, यात शंका नाही. पण त्याच कादंबरीचे आणखी वाचक होते आणि त्यांचा प्रश्न वेगळा होता. ते शेवटच्या पानापलीकडे बघत नव्हते. हाती असलेल्या पानांवर कोण गैरहजर आहे, हे विचारत होते. ही दोन मतं कितीतरी दशकं एकमेकांना न भेटता चालत राहिली. या कादंबरीच्या वाचनाचा इतिहास मला तरी या न झालेल्या भेटीचा इतिहास वाटतो.

आधी थोडं मागे जाऊ. मिचेल १९०० साली अटलांटात जन्मली. अमेरिकी यादवी युद्ध पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर बसून तिने त्याच्या गोष्टी ऐकल्या, आणि दक्षिण हे युद्ध हरली होती हे तिला दहा वर्षांची होईपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. शाळकरी वयात तिने टॉमस डिक्सनच्या कादंबरीचं घरगुती नाटक बसवलं होतं. हा डिक्सन म्हणजे 'द क्लॅन्समन'चा (१९०५) लेखक. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीला तारणहार ठरवणाऱ्या या पुस्तकावरून १९१५ साली 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर क्लॅन नव्याने उभी राहिली. मिचेलची कादंबरी आल्यावर डिक्सनने तिला कौतुकाचं पत्र पाठवलं. आपण तुमच्या पुस्तकांवरच वाढलो, असं तिने प्रेमाने उलट कळवलं. त्याच्याही मागे वॉल्टर स्कॉट उभा आहे. त्याच्या सरदारी कादंबऱ्यांचं दक्षिणेतल्या मळेवाल्यांना वेड होतं. १८८३ साली मार्क ट्वेनने तर यादवी युद्धाचा मोठा दोष स्कॉटच्याच माथी मारला. 'हकलबरी फिन'मध्ये बुडायला आलेल्या आगबोटीचं नाव त्याने वॉल्टर स्कॉट ठेवलं, ते काही सहज नव्हे. थोडक्यात, कादंबरी वाचून जग तसंच होतं असं मानणारा वाचक दक्षिणेत मिचेलच्या कितीतरी आधी तयार होता. तिला तो आयता मिळाला.

समीक्षकांत दोन तट पडले. स्टीफन व्हिन्सेंट बने यांच्यासारख्यांनी भरभरून लिहिलं. सप्टेंबर १९३६ मध्ये 'न्यू रिपब्लिक'मध्ये माल्कम काऊलीने ही कादंबरी म्हणजे मळेवाल्यांच्या दंतकथेचा विश्वकोश असल्याचं म्हटलं, पण तिच्यातलं कथनाचं बळही मान्य केलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या 'द क्रायसिस' या मासिकात १९३७ साली जॉर्ज स्कायलरने तिची साफ चिरफाड केली. लाखो प्रतींच्या गदारोळात तो आवाज किती लोकांपर्यंत पोचला असेल? कादंबरीवरचा १९३९चा चित्रपट आल्यावर मात्र काही शहरांत कृष्णवर्णीय संघटना फलक घेऊन थिएटरांबाहेर उभ्या राहिल्या. मिशिगनमधल्या मेसन या गावी प्रेक्षकांत एकटाच काळा असलेला एक किशोर गुलाम मुलगी प्रिसीचं काम बघून शरमेने सतरंजीखाली शिरावंसं वाटलं, असं पुढे आत्मचरित्रात सांगणार होता. त्याचं नाव माल्कम एक्स. चित्रपटाने क्लॅनचं नावही गाळलं होतं. कादंबरीत मात्र स्कार्लेटचा आवडता ॲश्ली आणि तिचा नवरा फ्रँक उघडपणे त्या टोळीत आहेत. ज्यांनी फक्त सिनेमा पाहिला आणि 'इतकं काय वाईट आहे त्यात' असं म्हटलं, त्यांनी पुस्तक उघडावं.

अमेरिकेबाहेर ही कादंबरी जवळजवळ वेगळंच पुस्तक झाली. तिकडच्या वाचकाला जॉर्जियातल्या मळ्यांचं सोयरसुतक नव्हतं. त्याला दिसलं ते जळलेलं शहर, लुटलेलं घर आणि भूक. १९४० साली लंडनमध्ये लागलेला चित्रपट बॉम्बवर्षावातही चालू राहिला आणि १९४४पर्यंत पडद्यावरून हलला नाही. इथिओपियात लष्करी राजवटीच्या काळात नबी मेकोनन या कैद्याने सिगारेटच्या पाकिटांतल्या सुमारे तीन हजार कागदांवर ही संपूर्ण कादंबरी अम्हारिकमध्ये उतरवली. सोबतचे कैदी ती ऐकत, सुटणारे लोक ते कागद पाकिटांतून लपवून बाहेर नेत. सुटल्यावर ते गोळा करत फिरण्यात त्याची दोन वर्षं गेली आणि मग पुस्तक छापलं गेलं. उत्तर कोरियात ती १९९०च्या दशकात आली, म्हणजे नेमकी दुष्काळात, आणि प्योंगयांगमध्ये लोकांनी ती आवडीने वाचली. अमेरिकेचा द्वेष शिकवणाऱ्या देशात अमेरिकी मळेवाल्याच्या मुलीवर जीव जडावा, याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. उपाशी माणसाने ते प्रसंग वाचून पाहावेत.

त्या प्रसंगांतला सर्वांत प्रसिद्ध असा. स्कार्लेट टारा या आपल्या उजाड मळ्यावर परतते. घरात धान्य नाही, आई गेलेली, बाप भ्रमिष्ट. शेजारच्या ट्वेल्व्ह ओक्स मळ्यावर जाऊन ती जमिनीतून मुळा उपटते, मातीसकट खाते, ओकते आणि यापुढे कधी उपाशी राहायचं नाही अशी शपथ घेते. जगभरच्या वाचकांनी हा प्रसंग उराशी धरला. पण तो मुळा कुठे लागलेला असतो? गुलामांच्या झोपड्यांमागच्या वाफ्यात. मालकाचा वाडा जळून गेलाय. उरलंय ते गुलामांनी स्वतःसाठी लावलेलं थोडंसं. मिचेलने हा तपशील अचूक टिपला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. पेरणारा कोण, तो कुठे गेला, याबद्दल स्कार्लेटला काडीची उत्सुकता नाही. पाठ फिरवण्यात वाचकही तिच्याबरोबर राहिले, मीसुद्धा पहिल्या वाचनात.

त्या वाफ्यापलीकडची गोष्ट मार्गारेट वॉकर हिने लिहिली. तिच्या आजीने तिला पणजीचं, म्हणजे जॉर्जियातल्या एका गुलाम स्त्रीचं आयुष्य सांगितलं होतं. 'गॉन विथ द विंड' यायच्या आधीच वॉकर कामाला लागली होती; 'जुबिली' छापून आली १९६६ साली. तीस वर्षांनी आलेली, मिचेलहून जवळजवळ पंधरा वर्षांनी लहान अशी दुसरी मार्गारेट, तोच प्रदेश, तेच युद्ध, ऐकलेल्या गोष्टींतूनच उभं राहिलेलं पुस्तक. फक्त सांगणारं माणूस वेगळं. तिच्या नायिकेचं पुढे काय झालं हे विचारायला पत्रांच्या राशी लागल्या नाहीत.

स्त्रीवादी वाचकांचं मत तर आणखी गुंतागुंतीचं. १९८९ साली हेलन टेलरने 'स्कार्लेट्स वीमेन' हे पुस्तक ब्रिटनमधल्या वाचक-प्रेक्षक स्त्रियांची पत्रं आणि त्यांनी भरलेल्या प्रश्नावल्या यांवर उभं केलं. स्कार्लेटने लाकूड गिरणी चालवली, नवऱ्यांना गुंडाळून ठेवलं, संकटात सगळ्यांना पोसलं, म्हणून ती अनेकींची होती. पण रेट तिला जबरदस्तीने उचलून जिन्यावरून नेतो त्या रात्रीबद्दल सर्वांचं एकमत होणं अवघड होतं. कुणाला ती प्रणयाची परिसीमा वाटते, कुणाला बलात्कार. मला विचाराल तर मिचेलने दुसऱ्या दिवशी सकाळी स्कार्लेटला जे सुख दिलंय, ते लेखिकेने वाचकाला दिलेलं सोयीस्कर क्षमापत्र आहे.

१९९१ साली मिचेलच्या वारसांनीच अखेर पहिल्या प्रश्नाचं उत्तर विकायला काढलं. अलेक्झांड्रा रिप्लीच्या 'स्कार्लेट'मध्ये नायिका आयर्लंडपर्यंत जाते आणि रेट तिला परत मिळतो. समीक्षकांनी धुतलं, लोकांनी लाखोंनी विकत घेतलं. दहा वर्षांनी ॲलिस रँडलने दुसरा प्रश्न विचारला. तिच्या 'द विंड डन गॉन'ची नायिका सिनारा ही स्कार्लेटची सावत्र बहीण, घरातली गुलाम दाई मॅमी हिच्या पोटची. वारसांनी कोर्टात धाव घेतली. एप्रिल २००१ मध्ये खालच्या न्यायालयाने प्रकाशन रोखलं, मे महिन्यात वरच्या न्यायालयाने बंदी उठवली. दोन्ही मतं पहिल्यांदा समोरासमोर आली ती अशी, वकिलांमार्फत. २००२ साली तडजोड झाली तेव्हा प्रकाशकाने मोरहाऊस कॉलेजला देणगी द्यायचं कबूल केलं. हे अटलांटातलं कृष्णवर्णीयांचं कॉलेज. आणि इथेच एक विचित्र गोष्ट आहे: १९४०च्या दशकात याच कॉलेजचे अध्यक्ष बेंजामिन मेज यांच्यामार्फत मिचेलने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी गुपचूप पैसे दिले होते. कादंबरीत जिला दिसलं नाही ते तिला शेजारच्या वस्तीत दिसत होतं की काय, याचा उलगडा तिच्या पुस्तकातून होत नाही.

२०१४च्या एका अमेरिकी जनमत चाचणीत ही कादंबरी बायबलखालोखाल लोकांचं सर्वांत आवडतं पुस्तक ठरली. त्याच वर्षी वारसांच्या संमतीने निघालेल्या 'रुथ्स जर्नी'त मॅमीला नाव मिळालं. हजारावर पानांत मिचेलला ते सुचलं नव्हतं. २०२०च्या जूनमध्ये एका अमेरिकी स्ट्रीमिंग सेवेने चित्रपट काही दिवस काढून घेतला आणि अभ्यासकाच्या प्रस्तावनेसह परत लावला.

आता कायद्याचं कॅलेंडर. भारतात लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे आपल्याकडे ही कादंबरी २०१० पासून सर्वांसाठी खुली आहे. अमेरिकेत ती १ जानेवारी २०३२ला खुली होईल. त्या दिवसापासून रेटला परत आणणाऱ्यांना वारसांची सही लागणार नाही, आणि मुळ्याच्या वाफ्याची चौकशी करणाऱ्यांनाही वकील लागणार नाही. पहिल्या प्रकारची पुस्तकं आधी आणि जास्त निघतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.