सहल वर सरकते

हातातला फोन खिशात टाका, घड्याळ काढून ठेवा. आज 14 मे 1978 आहे, रविवार. पहाटेचे साडेपाच वाजलेत. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि नाशिकच्या रविवार पेठेतल्या एका वाड्याच्या ओट्यावर बसून टांग्याची वाट बघताय. आत स्टोव्ह फरफरतोय. आई चारपासून उठलेली. दशम्या झाल्या, शेंगदाण्याची चटणी डब्यात गेली, कैरीचा तक्कू बरणीत गेला. आखाजी नुकतीच होऊन गेली, त्यामुळे आंब्याला आता आजीची हरकत नाही. पिशवीभर रायवळ आंबे बरोबर आहेत. मुंबईचे मामा-मामी परवाच पंचवटी एक्सप्रेसने आलेत. मामी नाशिकच्या पहाटेच्या गारव्याचं कौतुक करतायत. दुपारी बाराला विचारा म्हणावं त्यांना.

टांगा आला. आजी, आई, मामी, पाच पोरं, दोन पिशव्या, सतरंजी आणि फिरकीचा तांब्या. टांगेवाल्यानं एकदा घोड्याकडे बघितलं, एकदा तुमच्याकडे, आणि काही न बोलता लगाम उचलला. वडील आणि मामा सायकलवर डबलसीट. मामांच्या मांडीवर कलिंगड.

अशोक स्तंभ मागे पडतो, मग केटीएचएम कॉलेज, आणि तिथून पुढे शहर संपतं. खरंच संपतं. नाशिक अजून नगरपालिकेचं गाव आहे, महापालिका व्हायला चार वर्षं अवकाश आहे. गंगापूर रोडच्या दोन्ही अंगांना मळे. द्राक्षांचा हंगाम केव्हाच सरलाय, पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मांडवांवर कोवळी फूट आलीय. मोटेची जागा घेतलेल्या पंपाचा आवाज लांबून येतोय. आनंदवल्ली आली की आजी नेहमीप्रमाणे हात दाखवते.

"राघोबादादा इथे राहायचा. आनंदीबाईच्या नावाचं गाव."

"आणि गंगापूरला?"

"तिथे गोपिकाबाई. लेकाशी पटेना, म्हणून पुण्याहून निघाली ती इथे येऊन राहिली."

पेशव्यांच्या घरातल्या माणसांना भांडून राहायलाही नदीचा वरचा काठ लागायचा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सोमेश्वरला उतरलात. आधी महादेवाचं दर्शन. आजी नदीला हळद-कुंकू वाहिल्याशिवाय कुणालाही पाय बुडवू देणार नाही, तेव्हा उगाच घाई करू नका. तोवर पात्र बघून घ्या. काळे कातळ, त्यांच्या मधून वाहणारं पाणी, थोडं वर धबधब्याची बारीक धार. पावसाळ्यात तिथे उभं राहवत नाही इतके तुषार असतात. आज त्याच धारेखाली पोरं डोकं धरून बसलीत. वडील पाण्याच्या कडेला उकिडवे बसतात आणि जाणकारासारखं सांगतात, "धरणातून पाणी सोडलंय. नाहीतर मेमध्ये इथे नुसते डोह उरतात."

कलिंगड फडक्यात बांधून, कातळाच्या फटीत दगड लावून पाण्यात ठेवलं गेलं. मामांनी आणलेली ट्रकच्या चाकाची ट्यूब फुगवली गेली. तुम्ही तिच्यात अडकलात, मामा मागून ढकलतात, नाकातोंडात पाणी जातं, तुम्ही ओरडता, मामा हसतात. तीनचार वेळा असं झालं की अचानक तुमचे पाय आपोआप चालायला लागतात. पोहायला शिकवण्याचे क्लास नाशिककरांच्या मागच्या पिढीनं असे फुकट केले.

तहान लागली? तांब्यातलं पाणी मोठ्यांना. आजी काठाच्या वाळूत हातानं झिरा खणते. पहिलं गढूळ पाणी ओंजळीनं बाहेर टाकते, दुसरं टाकते, तिसऱ्या वेळी तळाशी काचेसारखं पाणी जमतं. प्या. काही होत नाही. 1978 आहे.

आता जेवणं. झाडाखाली सतरंजी, पळसाच्या पत्रावळी, दशमी, तक्कू, वर आंबे चोखून खाणं. एक गोष्ट मात्र बघून ठेवा, कारण अशा सहलींच्या आठवणी लिहिणारे ती हमखास विसरतात. सगळे जेवून आडवे झालेत आणि आई पाण्याशी बसून राखेनं भांडी घासतेय. मामी 501 साबणाच्या वडीनं पोरांचे ओले कपडे धुतेय. दोघींचे पाय पाण्यात आहेत ते एवढ्याचपुरते. आणि हो, साबणाचा फेस, राख आणि उष्टं नदीतच जातंय. तुमच्या आधीची पिढी नदीला फार जपत होती असं समजू नका. तिच्याकडे टाकायला प्लास्टिक नव्हतं आणि माणसं कमी होती, एवढंच.

उन्हं कलताना आजीजवळ बसा आणि तिला विचारा, तुझ्या लहानपणी सहल कुठे जायची?

"तपोवनात. कपिला संगमावर. सासरी आल्यावरसुद्धा पहिली काही वर्षं तिथेच. संगमावर डबा खायचा, संध्याकाळी रामकुंडावर दिवा सोडायचा आणि घरी."

"मग आता का नाही जात?"

"आता तिथे गावाचं पाणी येतं."

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणत नाही. तपोवन रामकुंडाच्या खाली आहे, गाव मधे आहे, गाव वाढलं, गटारं नदीला मिळाली. म्हणून मग सहल नदीच्या बरीच वर, सोमेश्वरला आली. रागावण्यासारखं त्यात आजीला काहीच दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि कलिंगड कापलं जातंय.

परतण्याआधी वडील हट्टानं सगळ्यांना गंगापूर धरणावर नेतात. मातीचं धरण, 1965 मध्ये पूर्ण झालेलं, भिंत जवळजवळ चार किलोमीटर लांब. एका बाजूला उतरत गेलेला जलाशय, त्याच्या कडेला ओल्या मातीचे पट्टे, पलीकडे त्र्यंबकच्या डोंगरांची रांग. दुसऱ्या बाजूला सकाळी तुम्ही पोहलात ती नदी, आणि ती केवढीशी दिसते. वडील अभिमानानं सांगतात की धरणात 7,200 दशलक्ष घनफूट पाणी मावतं. आकडा तुम्हाला कळत नाही, पण तो लक्षात ठेवा, कारण आता आपण निघतोय.

डोळे मिटा. 1982, महापालिका झाली. गंगापूर रोडचे मळे एकेक करून प्लॉट झाले. सिंहस्थांच्या तयारीत गोदाघाटावर काँक्रीट पडत गेलं, कुंडांचे तळ बांधले गेले आणि खालचे जिवंत झरे त्याच्याखाली बुजले. एप्रिल 2016 मध्ये क्षणभर थांबा. रामकुंड कोरडं आहे आणि गुढीपाडव्याच्या स्नानासाठी त्यात टँकरनं पाणी ओततायत. बघवत नसेल तर चार महिने पुढे जा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये घाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्यात बुडालाय आणि महापालिकेनं काठाकाठानं हौसेनं बांधत आणलेल्या गोदा पार्कची पुरानं दैना केलीय. उद्यान नदीकाठी बांधायचं की नदीच्या पात्रात, हा फरक पुरानं कागदपत्रांशिवाय समजावून सांगितला.

डोळे उघडा. आजचा मे महिना आहे, शनिवार संध्याकाळ. तुम्ही मोठे झालात, गाडी चालवताय, मागे तुमची मुलं. सोमेश्वरला थांबलात, पण पाच मिनिटंच. आनंदवल्लीच्या बाजूला पात्रावर पाणवेलींची हिरवी चादर आहे आणि मुलगी नाक दाबून म्हणते, "बाबा, आपण इथे नाही ना उतरायचं?" नाही. बुकिंग वर आहे, गंगापूरच्या बॅकवॉटरला.

बॅकवॉटर सुंदर आहे, उगाच खोटं कशाला बोलायचं. उतारावर द्राक्षमळे, त्यांतले बरेचसे वाइनचे. सुला वाइनरीची पहिली वाइन 2000 मध्ये आली आणि या काठाचं नशीब पालटलं. तंबू ओळीनं उभे आहेत. तंबूत गादी, पंखा, मोबाइलचा चार्जर. शेगडीवर पनीर भाजतंय, शेजारच्या तंबूतला स्पीकर गावभर वाजतोय. प्यायला वीस लिटरचे जार. पाण्यात उतरायची मनाई आहे आणि ती योग्यच आहे, दर उन्हाळ्यात इथून बुडाल्याच्या बातम्या येतात. मुलं काठावरून दगड भिरकावतात. त्यांना पोहता येतं, क्लोरीनच्या तलावात शिकलीत. एक सुधारणा मात्र निखळ: आज भांडी घासायला तुमच्या बायकोला बसावं लागत नाही. तिनं खुर्ची पाण्याकडे वळवून घेतलीय आणि अर्धा तास कुणाशी बोललेली नाही. 1978 मध्ये तुमच्या आईला हा अर्धा तास मिळाला नव्हता.

तो आकडा आठवतो? गाळ साचत साचत आता धरणात 5,630 दशलक्ष घनफूट पाणी मावतं. नाशिकच्या नळांना येतं ते मुख्यतः हेच पाणी. म्हणजे रात्री तंबूंच्या रांगेतून जे काही खाली सरकेल, ते सोमवारी शहराच्या पिंपात येणार. शुद्धीकरण होतं, मान्य. तरी उताराची दिशा बदलत नाही.

मुलं आत्ताच पुढच्या वेळचं ठरवतायत: भंडारदरा. विल्सन धरण, 1926 चं, प्रवरेवर. नाशिकहून घोटीमार्गे सत्तरेक किलोमीटर. मेच्या अखेरीस तिथे काजवे सुरू होतात आणि काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त चमकतात. जा, पण दिवे बंद करून जा.

तपोवन, सोमेश्वर, गंगापूर. तीन पिढ्या, आणि प्रत्येकीनं आपला डबा नदीच्या वरच्या अंगाला नेऊन सोडला. राघोबादादांनाही हीच दिशा सुचली होती, पण त्यांच्यामागे पंधरा-वीस लाखांचं शहर येत नव्हतं. मागे जे टाकलं ते साफ करण्यापेक्षा पुढे सरकणं प्रत्येक वेळी सोपं पडलं, आणि आपण त्याला हौस म्हटलं. तेव्हा उद्या सकाळी तंबू सोडण्याआधी आपली पिशवीच नव्हे, शेजारच्या तंबूचीही भरून गाडीत टाका, आणि परतताना सोमेश्वरला पाच मिनिटांऐवजी तासभर उतरा. मुलांना नाकावरचा हात काढायला लावा आणि ते पात्र नीट दाखवा. कारण गंगापूरच्या वर आता फक्त त्र्यंबक उरलंय, आणि तिथे भर गावात गोदावरी काँक्रीटच्या स्लॅबखालून वाहते.