आजीबाईंनी जपलेली पत्रं : पंडिता रमाबाईंना कसं वाचायचं?

'पेट' निघाली, आता आरआरसीसमोर सिनॉप्सिस मांडायचा आहे. विषय धर्मांतराच्या इतिहासाचा असेल, तर आपल्या संभाजीनगरात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, एक प्रश्न हमखास येतो : प्राथमिक साधन कोणतं? त्यापुढचा प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारा : ते साधन जपलं कोणी?

पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपलं वाचन बहुतेकदा इथेच थांबतं. खरा वाद इथून पुढे सुरू होतो.

वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई 'आजीबाई' म्हणत, पण पत्रांतून त्यांच्याशी भांडतही. ख्रिस्त मान्य, पण त्रैक्याचा सिद्धान्त का मानायचा? क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? १८८५ मध्ये चेल्टनहॅमला त्यांनी पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. श्रद्धेचा प्रश्न असा सत्तेचा झाला : बाईच्या विवेकबुद्धीवर हुकूम कोणाचा?

ही पत्रं आपल्याला मिळाली ती जेराल्डिनबाईंनी संकलित केली म्हणून. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली छापली. म्हणजे वादातला एक पक्षच इथे संग्राहक आहे. रमाबाईंचा प्रश्न त्यांना अहंकार वाटतो, आणि तो सूर त्यांच्या टिपणांत उतरतो. म्हणून टिपणं बाजूला ठेवून आधी पत्रं तारखेनुसार लावा, मग टिपणं वाचा. फरक लगेच जाणवेल.

आता दुसरी बाजू. १८९३ मध्ये पुण्यात शारदा सदनवर धर्मप्रसाराचा आरोप झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. चर्चला त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या, पुण्याला फारच ख्रिस्ती वाटत होत्या.

तेव्हा 'रमाबाईंनी धर्म का बदलला?' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. धर्म बदलल्यावरही त्यांनी कोणाचं ऐकायला नकार दिला, हे विचारा. दोन्ही छावण्यांची कागदपत्रं समोरासमोर ठेवलीत, तर त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू येईल. नाहीतर तुमच्या प्रबंधात रमाबाईंबद्दल बोलतील ते त्यांचे विरोधकच.