मांडवगडाचा उंबरठा : नालछा

धारहून मांडवगडास जाणाऱ्या वाटेवर, गडाचे दरवाजे दृष्टीस पडण्यापूर्वी, नालछा हे गाव लागते. प्रवाशांचे लक्ष जहाजमहालाकडे व होशंगशहाच्या मकबऱ्याकडे लागलेले असल्यामुळे येथे फारसे कोणी उतरत नाही. आमच्या मते हा केवळ अनास्थेचा प्रकार नव्हे. वास्तूचा वारसा म्हणजे एकेकटी भव्य इमारत, अशी जी आपली समजूत होऊन बसली आहे, तिचा हा परिणाम होय.

वस्तुतः हे गाव मांडवगडच्या सुलतानांहून जुने आहे. परमारांच्या काळी यास नलकच्छपुर म्हणत. जैन पंडित आशाधर हे मूळचे मांडलगडचे. परचक्रामुळे ते धारानगरीत आले आणि पुढे नलकच्छपुरास स्थायिक झाले. येथील नेमिनाथ चैत्यालयात त्यांनी आपल्या ‘अनगारधर्मामृता’वरील टीका विक्रम संवत १३०० मध्ये, म्हणजे इ. स. १२४३ च्या सुमारास, पुरी केली. राजा अर्जुनवर्म्याचा गुरू मदन याने काव्याचे पाठ आशाधरांपाशीच घेतले. त्याच मदनाची ‘पारिजातमंजरी’ ही शिलेवर कोरलेली नाटिका १९०३ मध्ये धारच्या भोजशाळा–कमाल मौला वास्तूत मिळाली. तिच्या चार अंकांपैकी दोनच आज उपलब्ध आहेत. हा शोध लावणारे काशिनाथ कृष्ण लेले धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख होते, ही गोष्ट शिक्षकवर्गाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

पुढे माळव्याच्या सुलतानांनी येथे महाल व बागा केल्या. गडाच्या अलीकडचे, खोल दरीच्या ऐलतीरावरचे हे सपाट, पाण्याचे स्थळ त्यांस विसाव्याला सोयीचे वाटले असावे. सुलतानशाही बुडाली, मांडवगड ओस पडला आणि त्याबरोबर नालछाही. १८१८ च्या सुमारास सर जॉन माल्कम माळव्यात आला तेव्हा गाव उजाड होते व जुन्या महालांत वाघांचा वावर होता. त्यांपैकी एक महाल दुरुस्त करून माल्कमने आपले राहण्याचे ठिकाण केले. वस्ती हळूहळू परतली. पडक्या वास्तूचा बचाव तिच्यात पुन्हा माणसे राहू लागल्याने होतो, याचे हे उदाहरण, माल्कमच्या राजकारणाविषयी आपले मत काही असो.

आता प्रश्न रक्षणाचा. १९०४ चा कायदा आणि त्यानंतरचा १९५८ चा कायदा, दोहोंची दृष्टी मुख्यत्वे स्मारकावर आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर निषिद्ध व त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरविले. ही तरतूद अवश्य हवी होती. तथापि तिचे मोजमाप स्मारकाच्या हद्दीपासून सुरू होते. जेथे एखादा चौथरा, बागेची भिंत, तळ्याचा बांध व जुनी वाट हीच मिळून वास्तू होते, तेथे वर्तुळ नेमके कोठून काढावे? मांडवगडचा वास्तुसमूह १९९८ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. त्या गडाकडे येणारी वाट मात्र आपण वारशाबाहेर समजतो.

अन्य देशांनी हा विचार पूर्वीच केला आहे. फ्रान्सने १९६२ मध्ये आणि ब्रिटनने १९६७ मध्ये इमारतींऐवजी संपूर्ण परिसर रक्षिण्याची तरतूद कायद्यात केली. आपल्याकडे मुंबईने १९९५ च्या नियमांत इमारतींबरोबर परिसरांनाही स्थान दिले. मध्यप्रदेशात नगररचनेचा १९७३ चा अधिनियम आहे. त्याच्या आधारे होणाऱ्या आराखड्यांत अशा स्थळांची नोंद का होऊ नये?

येथे एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. नालछा हे विकासखंडाचे ठाणे आहे. त्यास कचेऱ्या, बाजार, शाळा, रुंद रस्ता, सारे काही हवे. जुन्या दगडांपायी चालत्या गावाची अडवणूक करणे आम्हांसही मान्य नाही. किंबहुना गाव थिजवून ठेवणे म्हणजे माल्कमपूर्वीच्या ओसाडीकडेच परत जाणे. परंतु तळी, बांध, महालांचे चौथरे व जुन्या वाटेची रेघ यांचा एक विश्वसनीय नकाशा आधी तयार व्हावा. शाळेच्या वरच्या वर्गांना हाताशी धरून त्याचा आरंभ गावातल्या गावात करता येण्याजोगा आहे. मग रस्ता रुंद करावयाचा झाला, तर तो कोणत्या बाजूने करावा, एवढे तरी त्यावरून ठरविता येईल.