धन्याची मनाई आणि गिऱ्हाइकाचे नुकसान

छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील, शहागंज ही जुनी बाजारपेठ. येथे गिऱ्हाईक दुकानात शिरते ते पाटीवरील नावाच्या भरवशावर. आतल्या नोकरास धन्याने काय बजावले आहे, हे त्यास ठाऊक नसते. अशा नोकराने हुकूम मोडून गिऱ्हाइकाचे नुकसान केले, तर भरपाई कोणी द्यावी? 'आम्ही तर मनाई केली होती,' हे धन्याचे उत्तर कितपत टिकते, हे आपण इतिहासावरून पाहू.

लंडनमधील एका बस कंपनीने आपल्या सारथ्यांस छापील कार्डे दिली होती. दुसऱ्या गाडीशी शर्यत लावू नये, तिची वाट अडवू नये, असा त्यांवर सक्त हुकूम होता. एका सारथ्याने नेमके तेच केले आणि प्रतिस्पर्ध्याची घोडागाडी उलटली. १८६२ साली न्यायालयाने जबाबदारी कंपनीवरच कायम केली. सारथी काम धन्याचेच करीत होता. निषिद्ध होती ती केवळ त्याची रीत.

हेच तत्त्व पुढे आपल्याकडेही रुजले. १९६० च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्यास निघालेली रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची मोटार वाटेत झाडावर आदळली. मॅनेजरने सोबत घेतलेले एक गृहस्थ त्यात दगावले. उच्च न्यायालयाने कंपनीस मोकळे सोडले होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. मॅनेजर कंपनीच्या कामावर होता, एवढे पुरेसे ठरले.

तथापि या तत्त्वासही मर्यादा आहे. स्टेट बँकेच्या एका खातेदार बाईंच्या यजमानांनी रक्कम ओळखीच्या बँक-नोकराच्या हाती पावतीवाचून दिली. त्याने ती गिळंकृत केली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बँकेस जबाबदार धरले नाही. कारण ती रक्कम त्याने नोकर म्हणून नव्हे, स्नेही म्हणून स्वीकारली होती.

तेव्हा प्रश्न हुकूम मोडला की पाळला, हा नव्हे. काम कोणाचे चालले होते, हा आहे. मनाईचे कार्ड सारथ्याच्या खिशात राहते, रस्त्यावरील माणसास ते दिसत नाही. ज्याने नोकर निवडला आणि ज्यास त्याच्या कष्टाचा नफा मिळतो, त्यानेच त्याच्या चुकीचा भार उचलावा, हे आम्हांस न्याय्य वाटते. मात्र गिऱ्हाइकानेही ओळखीस पावतीची जागा देऊ नये.