गाण्याखाली नाव कुणाचं? शाहीर संभाजी भगत आणि ‘कोर्ट’

आज आपल्याला शाहीर संभाजी भगत यांच्याबद्दल बोलायचं आहे. गाणं स्वतः लिहायचं, चाल स्वतः लावायची, गायचंही स्वतःच, आणि वेळ आली तेव्हा सिनेमालाही संगीत द्यायचं, अशी ही वाटचाल आहे. हल्लीची मुलं अशा गायकाला ‘इंडी’ म्हणतात. म्हणजे काय, तर कुठल्या कंपनीच्या आधाराशिवाय आपलं गाणं आपणच लोकांपुढे नेणारा. शब्द नवा आहे, काम आपल्याकडे जुनं आहे.

पण सुरुवात आपण आपल्या पालघरपासून करू. नोव्हेंबर २०१२ आठवा. मुंबई बंद होती, आणि त्या बंदबद्दल इथल्या एका तरुणीने फेसबुकवर चार वाक्यं लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमाविरुद्ध श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली, त्याला हेच प्रकरण निमित्त झालं. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा म्हणजे १७ एप्रिल २०१५ रोजी, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा सिनेमा चित्रपटगृहात लागला. त्याचा विषय काय? एका शाहिरावर त्याच्या गाण्यासाठी चाललेला खटला. या सिनेमाचं संगीत संभाजी भगत यांचं. पालघरची ती चार वाक्यं आणि सिनेमातलं हे गाणं, दोन्हींत प्रश्न एकच आहे: शब्दाची जबाबदारी कुणाची, आणि कुठपर्यंत?

आता थोडं मागे जाऊ. आपल्या भागात वारली लग्नांत धवलेरी गाते. तिच्या गाण्याला कर्त्याचं नाव नसतं. ते आईकडून लेकीकडे, एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात जातं. शाहिराचं तसं नाही. पोवाड्याच्या, लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो. ‘हे मी म्हटलं’ असं चारचौघांत सांगून तो खाली बसतो. आपण याला फक्त रिवाज समजतो, पण ती एक प्रकारची सही आहे. सही केली की जाब विचारता येतो.

आणि तसा जाब विचारलाही गेला. सत्यशोधक जलसे झाले, मग आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लालबावटा कलापथक काढलं. गिरणगावात त्यांच्या कार्यक्रमाला कामगारांची ही गर्दी लोटायची, आणि सरकारने त्यावर बंदी आणली. डफ, तुणतुणं, ढोलकी आणि मागे झील धरणारे चारपाच जण, एवढ्या सामानाची सरकारला भीती का वाटावी? कारण समोरच्या माणसाला आपल्या हालाचं कारण त्या गाण्यातून कळत होतं.

संभाजी भगत याच परंपरेतले. सातारा जिल्ह्यातलं, पाचगणीजवळचं महू हे त्यांचं गाव. शिकायला मुंबईत आले आणि वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात राहिले. हे वसतिगृह म्हणजे त्या काळी दलित तरुणांच्या चळवळीचं, कवितेचं आणि वादांचं घर होतं. पुढे ते ‘आव्हान नाट्य मंच’मध्ये आले. पथनाट्य करायचं, वस्तीत गायचं, गाणं संपलं की पुढच्या वस्तीत जायचं. तिकीट नाही आणि पडदाही नाही.

‘आव्हान’मध्येच शाहीर विलास घोगरे होते. आनंद पटवर्धन यांच्या १९८५च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचं गाणं आहे. झोपडपट्टी तोडणाऱ्या मुंबईची ती फिल्म आहे. म्हणजे शाहिराचा आवाज सिनेमात आला तो असा, माहितीपटाच्या वाटेने. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० माणसं गेली. त्यानंतर चारच दिवसांनी विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. पटवर्धनांनी त्यांच्यापासून सुरुवात करून १४ वर्षं चित्रण केलं, आणि २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ तयार झाला.

संभाजी भगत गात राहिले. ‘विद्रोही शाहिरी जलसा’ घेऊन महाराष्ट्रभर फिरले. २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक आलं. संकल्पना आणि संगीत त्यांचं, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. जालन्याकडच्या शेतकरी घरांतली पोरं त्यात उभी होती. शाहिरी पुन्हा तिकीट काढून पाहण्याच्या रंगमंचावर आली आणि चालली.

आणि मग ‘कोर्ट’. सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ‘ओरिझोन्ती’ विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पदार्पणाचा पुरस्कार, असे दोन मान त्याला मिळाले. तिकडे हे घडत होतं तेव्हा इकडे आपला पालघर जिल्हा होऊन जेमतेम महिना झाला होता. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वयस्क शाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार यांनी केली. एप्रिल २०२१ मध्ये कोविडने ते गेले.

सिनेमात गाणं कसं येतं पाहा. कॅमेरा फार हलत नाही. वस्तीतलं स्टेज, समोर खुर्च्यांवर माणसं, आणि शाहीर गातो. आपण जणू त्या खुर्च्यांवरच बसलेले असतो. तेवढ्यात पोलीस स्टेजवर येतात. आरोप असा, की शाहिराच्या एका गाण्यामुळे मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. आता गाणं कोर्टात जातं. तिथे ढोलकी नाही, झील नाही, लोक नाहीत. उरतात नुसते शब्द, आणि ते सरकारी कागदाच्या सुरात बोलले जातात. वस्तीत ज्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता, ते इथे पुरावा होऊन बसतं.

मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते. नवरा दारू प्यायचा, कारण वास सहन होत नसे. सुरक्षेची साधनं नव्हती. आत उतरण्याआधी झुरळ दिसतंय का, ते तो बघायचा. झुरळ जिवंत असेल तर आत हवा आहे. बोईसरमधल्या आपल्यापैकी कितीतरी घरांत तारापूर एमआयडीसीत कामाला जाणारं माणूस आहे. टाकीत उतरणं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

हा सिनेमा आला तेव्हा कायदा नव्हता असं नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला होता. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, १९९३पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या, असा आदेश दिला होता. तरीही सिनेमातल्या त्या कोर्टात, या माणसाला खाली कुणी उतरवलं, हा प्रश्न मुख्य होतच नाही. गाणं कुणी लिहिलं, हाच मुख्य प्रश्न.

आमचं म्हणणं एवढंच आहे. गाण्याखाली शाहिराचं नाव असतं, म्हणून त्याला पकडणं सोपं. माणसाला गटारात उतरवणाऱ्या हुकमाखाली कुणाचं नाव नसतं. काम ठेकेदाराचं, ठेकेदाराचा माणूस कुणा तिसऱ्याचा, आणि शेवटी जबाबदार कुणीच नाही. संभाजी भगत यांच्या वाटचालीत पुरस्कार आहेत, नाटक आहे, सिनेमा आहे. पण आम्हाला त्यात मोठी वाटते ती ही गोष्ट: ते आपल्या नावानं गात राहिले, आणि ज्यांची नावं कुणी घेत नाही त्यांच्याबद्दल गात राहिले.

सिनेमातला शाहीर जामिनावर सुटतो आणि पुन्हा स्टेजवर चढून गातो. त्याला पुन्हा अटक होते, या वेळी आणखी कडक कायद्याखाली. ६६-अ गेलं म्हणून आपण निर्धास्त झालो असू, तर हा भाग पुन्हा पाहायला हवा.

घरी गेल्यावर ‘कोर्ट’ जरूर पाहा. आणि पाहताना गाण्यावर लक्ष ठेवाच, पण त्या बाईच्या साक्षीकडेही कान द्या.