दूरच्या कार्यालयासाठी संगणक प्रणालीची निवड

तेलंगणातील बेज्जूर हे मंडल पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. शहरापासून दूर असलेल्या अशा ठिकाणी संगणक अडला की कामही अडते. म्हणून तेथे प्रणालीच्या लोकप्रियतेपेक्षा तिची स्थिरता मोलाची ठरते.

विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील जुने संगणक अधिकृतपणे अपात्र ठरतात. याला पर्याय म्हणजे डेबियन ही मुक्त प्रणाली. तिला परवाना शुल्क नाही. साधारण दोन वर्षांनी तिची नवी स्थिर आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला दीर्घकालीन साहाय्य धरून सुमारे पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानेही शासकीय कामात मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य दिले.

तथापि मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे. कर्मचाऱ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. यासाठी प्रथम पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहावी. प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण आणि युनिकोडपूर्व फाँटमधील मराठी फाइली तपासाव्यात. सर्व दस्तऐवजांची प्रत ठेवावी आणि मगच एका संगणकापासून बदल आरंभावा. सत्तरी वा काणकोण येथील कार्यालयांनाही हाच क्रम हितावह ठरेल.